नाव लपवल्याने वाय-फाय लपत नाही
राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचे नाव लपवले की ते कोणालाच सापडत नाही, हा सल्ला वर्षानुवर्षे मोठ्या विश्वासाने दिला जातो. तो चुकीचा आहे. नाव लपवल्यानंतरही राउटर साधारणपणे दर 102.4 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास 10 वेळा, आपल्या अस्तित्वाची घोषणा करतच राहतो. त्या संदेशातला नावाचा रकाना तेवढा रिकामा असतो. राउटरचा 48 बिटांचा हार्डवेअर पत्ता मात्र त्यात उघड असतो आणि शोधणाऱ्याला तेवढा पुरतो.

लॅपटॉपवर तो पत्ता निवडून इमारतीत फिरताना सिग्नलचा आकडा उणे 80 डीबीएमवरून (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) उणे 40 कडे, म्हणजे अधिक जोरदार सिग्नलकडे, सरकू लागला, की आपण राउटरच्या जवळ येत आहोत हे कळते. भिंती आणि लोखंडी कपाटे यांवरून लहरी परावर्तित होत असल्याने एकाच जागच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. म्हणून जाणकार अनेक ठिकाणी मोजमाप घेतात आणि दिशादर्शी अँटेना सावकाश फिरवून सिग्नल कोणत्या बाजूने सर्वांत जोरात येतो ते पाहतात.

मला अधिक गंभीर वाटते ती गोष्ट निराळीच आहे. लपवलेले नेटवर्क शोधण्यासाठी फोनला त्याचे नाव स्वतःहून पुकारावे लागते, आणि काही फोन व लॅपटॉप ते घराबाहेरही पुकारत राहतात. खरे संरक्षण हवे असल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए3 ही वाय-फायची सुरक्षा पद्धत, ती नसेल तर आधीची डब्ल्यूपीए2, आणि लांबलचक पासवर्ड ठेवावा. नाव खुशाल दिसू द्यावे.