हादरे, पाऊस आणि आपलं ‘काय नाय होत’

मुंबईकर कशालाच घाबरत नाही असं सगळे म्हणतात, पण हा थंडपणा पावसापुरताच आहे हो. पाऊस दरवर्षी येतो, त्याची सवय झालीये. जमीन हलली की आपण पण बाकीच्यांसारखेच चपला टाकून पळतो.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयना हादरलं तेव्हा आजी परळच्या चाळीत होती. फळीवरचे पितळी डबे खणखणायला लागले, तिला वाटलं मांजर शिरलं, तेवढ्यात दिवे गेले (कोयनेची वीजच यायची ना मुंबईला) आणि अख्खा मजला अंधारात लाकडी जिन्यावर. हलत असताना जिना गाठणं हेच सगळ्यात डेंजर, टेबलाखाली शिरून डोकं झाकायचं असतं, पण हे तेव्हा सांगणार कोण, आणि चाळीत टेबल होतं कोणाकडे!

किल्लारीला तर शांत राहायलाही वेळ मिळाला नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. हजारो गेले. तिथे धीरापेक्षा घराचं बांधकाम महत्त्वाचं होतं.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३, त्यात दुपारी भरती, मिठी नदी फुगली. लोक कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत घरी आले, अनोळखी माणसांनी चहा-बिस्किटं दिली, कोणी आरडाओरडा केला नाही. हे सगळे कौतुकाने सांगतात. पण दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात ‘त्सुनामी आली, धरण फुटलं’ अशी अफवा उठली आणि रात्री बोळांतल्या चेंगराचेंगरीत डझनाहून जास्त माणसं गेली, पाण्याचा थेंब न वाढता. मला तर २६ जुलैची खरी गोष्ट हीच वाटते, पण ती कोणी काढत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. आता भरतीच्या तारखा आधीच छापून येतात, महापालिकेच्या १९१६ या मदत नंबरवर फोन लावता येतो. भूकंपाचं मात्र अजून फॉरवर्डवरच चालतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांवर धक्के बसत होते, तिकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज रात्री मुंबईत मोठा येणार’, वेळेसकट.