मजकुराला किती गुण?
वाचनसुलभता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या छापखान्याच्या काउंटरवर हल्ली मजकुरासोबत आणखी एक कागद येतो. पतसंस्थेचे सचिव, शिरोलीतल्या फौंड्रीचे मॅनेजर, दवाखान्याचे व्यवस्थापक असे कोणी ना कोणी आपला मजकूर एखाद्या वेबसाइटवर टाकतात आणि तिथून मिळालेल्या स्कोअरचा प्रिंटआउट घेऊन येतात. कोणी म्हणते, "गुण चांगले आहेत, आता छापा." कोणी म्हणते, "गुण फार कमी आलेत, सोपे करून द्या." आपला मजकूर समोरच्याला कळावा अशी काळजी वाटणारे ग्राहक वाढत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण हा आकडा येतो कुठून, हे माहीत नसेल तर तो चांगल्या मजकुराची वाट लावू शकतो. म्हणून हे पत्रक.

आकडा कसा निघतो

सर्वांत जास्त वापरले जाणारे सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांचे आहे. ते मूळचे व्हिएन्नाचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९४८ साली त्यांनी हे सूत्र मांडले. हिशेब अगदी सरळ आहे. एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत ते काढायचे आणि त्याला १.०१५ ने गुणायचे. एका शब्दात सरासरी उच्चाराचे किती तुकडे (इंग्रजीत सिलेबल) आहेत ते काढायचे आणि त्याला ८४.६ ने गुणायचे. या दोन्ही रकमा २०६.८३५ मधून वजा केल्या की जे उरते ते तुमचे गुण. ६० ते ७० म्हणजे साधे इंग्रजी, ९० च्या पुढे फार सोपे, ३० च्या खाली फार अवघड.

पुढे १९७५ मध्ये किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी याच सूत्राचे आकडे बदलले, म्हणजे उत्तर गुणांऐवजी शाळेच्या इयत्तेत येऊ लागले. "तुमचा मजकूर आठवीच्या पातळीचा आहे" असे सॉफ्टवेअर सांगते, ते बहुतेक वेळा याच हिशेबावरून. रॉबर्ट गनिंग यांचा १९५२ चा फॉग इंडेक्स तीन किंवा जास्त तुकड्यांचे शब्द मोजतो. १९६७ चा ऑटोमेटेड रीडॅबिलिटी इंडेक्स उच्चाराच्या भानगडीत पडतच नाही, तो शब्दाची लांबी अक्षरांत मोजतो, कारण यंत्राला अक्षरे मोजणे सोपे जाते. डेल आणि चॉल यांनी वेगळी वाट धरली. चौथीतल्या मुलांना ठाऊक असलेल्या शब्दांची यादी करायची आणि यादीबाहेरचा शब्द अवघड धरायचा.

नावे वेगळी असली तरी गाभा एकच आहे. वाक्य किती लांब आणि शब्द किती लांब किंवा अनोळखी, एवढेच ही साधने पाहतात. इंग्रजीपुरता या हिशेबाला अर्थ आहे. तिथे रोजचे शब्द बहुधा आखूड असतात आणि पुस्तकी शब्द लांब. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तर विमा पॉलिसीच्या मजकुराला फ्लेशच्या मोजणीने किमान ४५ गुण असावेत असा कायदाच आहे. तुमचे कास्टिंग परदेशी जाते आणि त्यासाठी इंग्रजी ब्रोशर हवे आहे, तर या स्कोअरकडे जरूर पाहा. आम्हीही पाहतो.

मराठीत काय होते

खरा घोळ मराठीत आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठी आपल्याच गावाचे नाव पुरेसे आहे. "कोल्हापूर" हा शब्द किती लांबीचा? तोंडाने म्हणा: कोल्-हा-पूर. तुकडे तीन. कागदावर पाहा: को, ल्हा, पू, र. अक्षरे चार. संगणकाच्या आत युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असे सगळे सुटे साठवले जाते, म्हणून तिथे चिन्हे नऊ. तीन, चार की नऊ? इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम बहुधा नऊ म्हणतो आणि आपल्या गावाचे नाव अवघड शब्दांत टाकतो.

यापेक्षा वाईट प्रकारही आम्ही पाहिला आहे. काही प्रोग्रॅम काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षराचा भागच मानत नाहीत. त्यांना वाटते की तिथे शब्द संपला. मग एका "कोल्हापूर"चे क, ल, ह, प, र असे पाच शब्द होतात. संपूर्ण माहितीपत्रक असे चिरडून जो स्कोअर येतो, त्याला काय किंमत द्यायची?

आता एक प्रत्यक्ष नमुना. पावसाळ्याआधी एका सोसायटीच्या बोर्डासाठी आमच्याकडे ही सूचना आली होती:

"पंचगंगेच्या पाणीपातळीत वाढ झाल्यास नदीकाठच्या रहिवाशांनी आवश्यक कागदपत्रे व मौल्यवान वस्तूंसह सुरक्षितस्थळी स्थलांतरित होण्याची दक्षता घ्यावी."

आम्ही ती बदलून अशी केली:

"राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की तयारी करा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत घाला. ४३ फुटांची वाट पाहू नका."

दुसऱ्या सूचनेत तीन वाक्ये आणि २२ शब्द आहेत. आकड्यांसह मोठ्याने वाचून उच्चाराचे तुकडे मोजले तर ५५ भरतात, म्हणजे शब्दाला सरासरी अडीच. फ्लेशच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येते उणे १२. म्हणजे फार अवघडाच्याही पलीकडे! पण इंग्रजी स्वर शोधणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला देवनागरीत एकही ए, ई, आय सापडत नाही. तो प्रत्येक शब्दाला नाइलाजाने एकच तुकडा धरतो, आणि तीच सूचना ११५ गुण मिळवून जाते. म्हणजे शंभराच्याही वर. मजकूर एक, सूत्र एक, आणि उत्तरांत १२७ गुणांचा फरक.

उणे १२ हे उत्तर मोजणी चुकल्यामुळे आलेले नाही, हे मुद्दाम सांगतो. मोजणी बरोबर आहे, पण १.०१५ आणि ८४.६ हे आकडे इंग्रजी उताऱ्यांवरून ठरवलेले आहेत. इंग्रजीत "घरासमोरच्या" म्हणायला चार-पाच सुटे शब्द लागतात. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून एकच शब्द करतो, आणि पहिलीतले पोरही तो सहज बोलते. म्हणून मराठी शब्द लांब दिसतो, पण त्यामुळे अवघड होत नाही. स्पॅनिशसाठी फर्नांडेस उएर्ता यांनी १९५९ मध्ये फ्लेशचे आकडे बदलून घेतले. स्वीडनमध्ये ब्यॉर्नसन यांनी १९६८ मध्ये लिक्स नावाची वेगळी मोजणी केली. मराठीत असे सर्वमान्य सूत्र अजून रूढ झालेले नाही. त्यामुळे "मराठी मजकुराला ६० गुण हवेत" अशी अट कोणी तुमच्यासमोर ठेवली, तर कोणत्या सूत्राने आणि तुकडे कसे मोजून, हे आधी विचारा.

मराठीतली अवघड जागा कित्येकदा आखूड शब्दात लपलेली असते. खरेदीखत किंवा कर्जाचा करारनामा काढून पाहा. सबब, इसार, हिबा, तबदील. दोन-चार अक्षरांचे शब्द, कुठलेही सॉफ्टवेअर त्यांना सोपे म्हणेल. सही करणाऱ्या माणसाला मात्र नेमके तेच अडतात. उलट "अंगणवाडी", "ग्रामपंचायत", "मुख्याध्यापक" हे शब्द लांबलचक आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी आहेत.

शब्दांच्या याद्यांचेही तसेच आहे. वर्तमानपत्रांतून तयार केलेली यादी "काहील" (गूळ उकळायची कढई) आणि "चिपाड" (रस काढलेला ऊस) यांना दुर्मिळ ठरवील आणि "उत्पादकता" पास करील. गुऱ्हाळ चालवणाऱ्यासाठी लिहिताना हे नेमके उलटे आहे. फौंड्रीच्या सुरक्षा फलकावरचा "ओतकाम" हा शब्द एका साधनाने लाल केला होता आणि "सुरक्षा उपकरणे परिधान करावीत" याला काही हरकत घेतली नव्हती. आम्ही "ओतकाम" ठेवले आणि दुसऱ्या ओळीच्या जागी "हातमोजे आणि गॉगल घाला" असे लिहिले.

आकड्याला जे दिसत नाही

पंचगंगेच्या त्या दोन सूचनांकडे परत जाऊ. पहिली सूचना सोळा शब्दांचे एकच वाक्य आहे, दुसरी तिच्यापेक्षा सहा शब्दांनी मोठी आहे. दुसरी चांगली का? वाक्ये छोटी आहेत हे एक कारण आहे, पण ते मुख्य नाही. पाणी किती वाढले की हलायचे, हे पहिल्या सूचनेत लिहिलेलेच नाही. कोणती कागदपत्रे, तेही नाही. राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी इथल्या माणसाला पाठ असते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना तर तो आकडा दिसला की पुढचे काही सांगावे लागत नाही. ही ओळख कुठल्याच सूत्रात मोजली जात नाही.

आणखी गंभीर गोष्ट अशी, की छपाईत ३९ चे चुकून ९३ झाले तरी स्कोअर जवळपास तोच राहतो. वाक्यांचा क्रम उलटा करा, आधी पिशवी आणि मग पाणी, स्कोअर तोच. एका वाक्यातले शब्द विस्कटून कसेही ठेवा, शब्द तेवढेच आणि तुकडे तेवढेच, म्हणून स्कोअरही तेवढाच. गूळ बाजारात सौदा होताना काटा रव्याचे, म्हणजे गुळाच्या ढेपेचे, वजन सांगतो. रंग आणि कणी पाहायला व्यापारी रवा स्वतः हातात घेतो. स्कोअरचे काम काट्याएवढेच आहे आणि तेवढ्यापुरते ते उपयोगाचे आहे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही लोक विचारतात, "याला दहापैकी किती?" ही साधने मराठी बऱ्यापैकी वाचतात आणि कुठे अडते हेही सांगतात, तो भाग आम्हाला उपयोगी वाटतो. त्यांनी दिलेला आकडा मात्र आज एक, उद्या दुसरा असू शकतो. कारणे वाचा, आकडा सोडून द्या.

तुम्ही स्वतः मोजणार असाल तर

मजकूर युनिकोडमध्ये असल्याची खात्री करा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत भलतीच चिन्हे असतात, आणि सॉफ्टवेअर त्यांचीच मोजणी करते.

पत्ते आणि संक्षेप काढून टाका. "मु. पो. शिये, ता. करवीर, जि. कोल्हापूर" यात चार टिंबे आहेत. बरीच साधने टिंब दिसले की वाक्य संपले असे धरतात. एका पत्त्याने चार इवलीशी वाक्ये तयार होतात, सरासरी खाली येते आणि मजकूर फुकटात सोपा ठरतो. डॉ., श्री., रु., क्र. हे सगळे तसेच. शीर्षके आणि तक्ते याच्या उलट वागतात. त्यांच्या शेवटी पूर्णविराम नसतो, म्हणून ते पुढच्या वाक्याला चिकटतात आणि चाळीस शब्दांचे एक अजस्र वाक्य तयार होते. व्याजदराचा तक्ता मजकुरात ठेवून मोजणी केलेली पतसंस्थेची पत्रके आमच्याकडे पुष्कळदा येतात.

आणि गुण वाढवण्यासाठी वाक्ये तोडू नका, ही आमची कळकळीची विनंती. "हप्ता थकला तर दंड लागेल" या वाक्याचे "हप्ता थकतो. दंड लागतो." असे दोन तुकडे केले की सरासरी उतरते, पण अट निघून जाते. "तर", "म्हणून", "नाहीतर" हे शब्द वाचणाऱ्याचा हात धरून त्याला पुढे नेतात. ते काढून मिळवलेले गुण आम्हाला नकोत.

आम्ही काय करतो

आम्हीही मोजतो, पण दोनच गोष्टी: वाक्यातले शब्द आणि शब्दातली जोडाक्षरांसह अक्षरे. त्यावरून गुण काढत नाही. सर्वांत लांब पाच-सहा वाक्ये वेगळी काढतो आणि त्यांच्याकडे पुन्हा बघतो. एवढ्या कामाला यंत्र उत्तम आहे, दमत नाही आणि एकही वाक्य नजरेतून सुटू देत नाही.

त्यानंतर मजकूर माणसांपुढे ठेवतो. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली एक साधी चाचणी आम्हाला फार आवडते. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा, तिथे रिकामी जागा ठेवायची आणि वाचणाऱ्याला ती भरायला सांगायचे. ज्याला मजकूर कळतो त्याला गाळलेला शब्द बराचसा आपोआप सुचतो. एका दूध संस्थेच्या बोनसच्या पत्रकावर आम्ही हे करून पाहिले. पहिल्या परिच्छेदात बहुतेकांनी जागा भराभर भरल्या. "वर्गवारीनुसार देय रकमेतून समायोजित" या ओळीशी मात्र सगळे थांबले. एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे पैसं कापून घेणार म्हणा की." आम्ही संस्थेच्या परवानगीने पत्रकात "येणे बाकी असेल तर ती बोनसमधून कापली जाईल" असे छापले. त्या ओळीतले शब्द वाढले. संस्थेच्या काउंटरवर त्या ओळीचा अर्थ विचारायला येणारे कमी झाले, असे सचिवांनी नंतर सांगितले.

या वाचनचाचणीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, पण छपाईला दोन-तीन दिवस जास्त लागतात, ते धरून चाला. मजकूर युनिकोडमध्ये मेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या. स्कोअरचा कागद असेल तर तोही द्या, पण कोणत्या साधनाने काढला ते त्यावर लिहा. आणि तुमचे पत्रक ज्यांच्या हातात जाणार आहे, सभासद, कामगार, रुग्ण, भाडेकरू कोणीही असोत, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना अर्धा तास कधी आणि कुठे भेटता येईल तेवढे कळवा. आम्हीच तिकडे येतो.