कंट्रोल-झेडने प्रोग्राम बंद होत नाही, थांबतो

“टर्मिनल अडकलं की कंट्रोल-झेड दाबा, प्रोग्राम बंद होतो,” हा सल्ला लिनक्स शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड टाइप करायची ओळ, लगेच परत येतो.

खरं तर प्रोग्राम तिथेच गोठतो. त्याने घेतलेली मेमरी त्याच्याकडेच राहते, नेटवर्कवर बोलण्यासाठी उघडलेला पोर्टही. म्हणूनच असा थांबवलेला सर्व्हर पुन्हा सुरू करायला गेलं की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाची इंग्रजी एरर येते आणि नवखा माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. फार वाईट वाटतं ते बघून.

स्वतः करून बघा. ‘स्लीप ३००’ ही कमांड द्या, म्हणजे पाच मिनिटं नुसतं थांबणं. लगेच कंट्रोल-झेड दाबा. आता ‘जॉब्स’ टाइप करा, म्हणजे या टर्मिनलमधल्या कामांची यादी दिसेल: चौकटी कंसात १, पुढे ‘स्टॉप्ड’, आणि आपली स्लीप. गेलेली नाही! ‘एफजी’ दिलं की ती पुन्हा समोर चालू होते. मग कंट्रोल-सी दाबा, आणि परत ‘जॉब्स’ देऊन बघा. यादी रिकामी.

बंद करायला कंट्रोल-सी. काही प्रोग्राम तेही मानत नाहीत. व्हीआय या टेक्स्ट एडिटरमधून मात्र त्याच्याच कमांडने बाहेर पडावं लागतं.