शंभरात किती? मनोविकारांच्या मोजणीची पार्श्वभूमी

पुण्यातल्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी मनोविकार झालेले प्रौढ निघाले ५ टक्के. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हाच आकडा १३.७ टक्के. दोन्हींत तंत्रशुद्ध मुलाखती होत्या, मग एवढी तफावत कशी? उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पाहण्यांत संशोधक घरोघर जात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आग्र्याच्या पाहणीत डॉ. दुबे यांनी सुमारे २९ हजार लोकांची नोंद घेतली. अशा पाहण्यांत अपस्मार (फिट येणं) आणि मतिमंदत्वही मनोविकारांच्याच यादीत असे. घरच्यांच्या सांगण्यावर भिस्त असली की वेड लागलेला माणूस नोंदला जातो. रात्र रात्र झोप न लागणारी सून सुटते. कारस्टेअर्स आणि कपूर या संशोधकांनी कर्नाटक किनाऱ्यावरच्या कोटा गावात रोगाच्या नावापेक्षा लक्षणांवर भर दिला, ही मला मोठी पायरी वाटते. १९९८ मध्ये रेड्डी आणि चंद्रशेखर यांनी असे १३ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी हजारी ५८ निघाली. ती सरासरी खरी, पण कोणते आजार धरायचे आणि कोणाला विचारायचं, ही प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. सुरुवातीच्या तफावतीचं उत्तरही बहुधा इथेच.

मुलांच्या बाबतीत हा घोळ फारच ठळक दिसतो. बंगळूरमध्ये १६ वर्षांपर्यंतच्या मुलांत प्रमाण आलं १२.५ टक्के, गोव्यात १२ ते १६ वयोगटात दोन टक्क्यांच्याही आत. बंगळूरच्या यादीत अंथरुणात लघवी होणं, तोतरेपणा, अगदी तान्ह्या मुलांचं रडता रडता श्वास रोखणंही होतं. गोव्याच्या अभ्यासात वयच १२ च्या पुढचं, त्यामुळे यातलं बरंचसं आपोआप गळलं. म्हणून गोव्याची मुलं सुखी आणि बंगळूरची दुःखी, असा अर्थ काढणं धाडसाचं. (बातम्यांत मात्र तो सर्रास काढला जातो.)

निम्हान्सने १२ राज्यांत ३९,५३२ लोकांशी एकाच प्रश्नावलीने बोलून किमान फूटपट्टी तरी एक केली. मुलाखतीच्या सुमारास आजारी असलेले प्रौढ १०.६ टक्के, पुरुषांत १३.९, स्त्रियांत ७.५. दारू आणि इतर व्यसनं धरल्याने पुरुषांचा आकडा फुगतो. नुसतं डिप्रेशन पाहिलं तर बायकांचं पारडं जड. १३ ते १७ वयाची मुलं मात्र चारच राज्यांत तपासली, त्यांत ७.३ टक्के आले. उपचारांबाहेर राहिलेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत ७० टक्क्यांच्या वर होतं, आणि मला यात सर्वांत भरवशाचं वाटतं ते हेच: मोजण्याची पद्धत थोडी इकडेतिकडे झाली तरी हे चित्र फारसं बदलत नाही.

त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता. तरीही १०.६ ला आपल्या लोकसंख्येने गुणून ‘राज्यात सव्वा कोट मनोरुग्ण’ छापाचे मथळे तयार करता येतात. त्या गुणाकारात शून्य ते १७ वयाची मुलंही प्रौढांच्या दराने मोजली जातात, हे कोणी पाहत नाही.