255 नंतर 511: मागावरचा काउंटर आणि रस्ट

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, खडखडाटाच्या आत एक ठोका सापडतो. धोटा इकडून तिकडे गेला, एक आडवा धागा पडला. हा झाला एक पिक. टॉवेल किती विणून झाला ते पिक्सवरून कळतं, आणि मजुरी उत्पादनावर असेल तर पिक्स म्हणजे थेट पैसेच. ते मोजायला एक सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा छोटा तयार इलेक्ट्रॉनिक बोर्ड पुरतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही असा काउंटर दोन दिवसांत उभा करेल.

पण हाच काउंटर कधीतरी 255 नंतर 511 दाखवेल आणि पुढच्या क्षणी मुकाट 256 वर येईल.

उनोवरची ॲटमेगा 328पी ही चिप 8 बिटांची, म्हणजे ती एका वेळी एकच बाइट, 0 ते 255 मधला एक आकडा, उचलते. आपला काउंटर 32 बिटांचा, चार बाइटचा. मुख्य प्रोग्रामने आकडा वाचायला घेतला आणि सर्वात खालचा बाइट उचलला: 255. नेमका तेव्हाच धोटा गेला. सेन्सरने इंटरप्ट दिला, चिपने हातातलं काम सोडून काउंटर एकने वाढवला. मेमरीत आता 256 आहे, म्हणजे खालचा बाइट 0 आणि वरचा 1. मुख्य प्रोग्राम परत येऊन उरलेले बाइट उचलतो. जुने 255 आणि नवे 256 मिळून 511.

16 मेगाहर्ट्झवर बाइट उचलण्यामधली ही फट अर्ध्या मायक्रोसेकंदापेक्षाही लहान असते. माग मिनिटाला 120 पिक्स टाकत असेल, तर हातचा पुढच्या बाइटमध्ये जाण्याची वेळ साधारण दोन मिनिटांतून एकदा येते, आणि वाचन तेव्हाच त्या फटीत सापडावं लागतं. त्यामुळे टेबलावर ही चूक दिसत नाही. दिसते ती शेडमध्ये, केव्हातरी. सी भाषेत अशा व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ लावून मोकळं होण्याची सवय आहे. त्याने कंपायलर, म्हणजे कोडचा चिपसाठी प्रोग्राम बनवणारं साधन, दरवेळी आकडा मेमरीतून नव्याने वाचायला लावतो खरा, पण चारही बाइट एकाच दमात वाचले जातील याची हमी मिळत नाही. कंपायलर मात्र एका शब्दाने हरकत घेत नाही.

इथे रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा कामाला येते. ग्रेडन होअर यांनी 2006 मध्ये ती स्वतःच्या हौसेने सुरू केली. व्हँकुव्हरमध्ये त्यांच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोलमडल्यामुळे बंद पडली होती आणि 21व्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले, तिथून हा विचार निघाला असं सांगतात. पुढे मोझिलाने पाठबळ दिलं आणि 2015 च्या मे महिन्यात पहिली स्थिर आवृत्ती आली. डिसेंबर 2022 मध्ये लिनक्सच्या 6.1 आवृत्तीपासून कर्नलमध्येही, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातही, तिला जागा मिळाली.

तिचा मूळ नियम दुकानाच्या खतावणीसारखा आहे: वाचायला चौघे एकदम वाकले तरी चालतं, पण मुनीम नोंद करत असताना वही दुसऱ्या कुणाच्या हातात नसते. हा नियम प्रोग्राम चालताना नाही, बनतानाच तपासला जातो, म्हणून चिपवर त्याचं ओझं पडत नाही. इंटरप्ट आणि मुख्य प्रोग्राम यांच्यात साधा काउंटर वाटून घ्यायला गेलात, की कंपायलर अडवतो. मग एक तर ‘अनसेफ’ असं स्वतःच्या हाताने लिहून जबाबदारी घ्या, नाहीतर क्रिटिकल सेक्शन वापरा, म्हणजे वाचनापुरते इंटरप्ट बंद ठेवा. जाणकार माणूस सीमध्येही हेच करतो. फरक इतकाच की रस्टमध्ये ते विसरता येत नाही.

सुरुवातीचे आठवडे मात्र कंपायलरशी भांडण्यातच जातात. आर्डुइनोची सवय असलेल्याला तर ही सासुरवाडी फारच कडक वाटते. माझं मत असं, की आधी सीमध्ये थोडे हात भाजून घ्यावेत. रस्ट कशाला अडवते आहे ते मग पटकन कळतं. उनोवरही रस्ट चालते, पण शिकायला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड बरा: 264 किलोबाइट रॅम आणि दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन प्रोसेसर. दोन कोअर असले की वाटणीचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तिथे नुसते आपल्या कोअरचे इंटरप्ट बंद करून भागत नाही, दुसरा कोअर चालूच असतो.

पण रस्ट सगळंच पकडते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाळी बदलताना आकडा वाचून काउंटर शून्य करायचा आहे. ॲटॉमिक प्रकार, म्हणजे ज्याचं एक वाचन किंवा एक लेखन मध्येच तुटत नाही असा, वापरून ‘वाचा’ आणि ‘शून्य करा’ या दोन वेगळ्या ओळी लिहिल्या, तर कंपायलर खुशाल पुढे जाऊ देतो. त्या दोन ओळींच्या मध्ये पडलेला पिक मात्र कुणाच्याच खात्यात जात नाही. दोन्ही कामं एका क्रिटिकल सेक्शनमध्ये एकत्र करायला हवीत, हे माणसालाच सुचावं लागतं.

जागा वाचवायला काउंटर 16 बिटांचा घेतला तरी तेच. 120 च्या वेगाने आठ तासांत 57,600 पिक्स होतात, ते त्यात मावतात. बारा तासांची पाळी असेल तर 65,535 ची मर्यादा नऊ तासांनंतर ओलांडली जाते. चाचणीच्या बिल्डमध्ये रस्ट तिथे थांबून ओरडते. मागावर बसवायच्या रिलीज बिल्डमध्ये, वेगळं सांगितलं नसेल तर, आकडा गुपचूप शून्यावर जातो. ती तपासणी रिलीजमध्येही चालू ठेवायची सोय आहे, कार्गो या रस्टच्या बिल्ड-साधनाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. पण मग ओरडल्यावर चिप जागच्या जागी थांबेल. त्या चिपवर मागाचा रिलेही, म्हणजे माग चालू-बंद करणारा स्विचही असेल, तर वॉचडॉग, म्हणजे अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा टाइमर, बसवल्याशिवाय ती ओळ लिहू नका.