पितळी मूर्तीचं कार्बन डेटिंग? काहीही!

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून फिरतं: अमक्या गावच्या पितळी मूर्तीचं कार्बन डेटिंग झालं, ५,००० वर्षं जुनी निघाली! शक्यच नाही. ही पद्धत कार्बन-१४ (सजीवांत असणारा, ते मेल्यावर ठरावीक वेगानं घटत जाणारा कार्बनचा प्रकार) मोजते, आणि पितळेत तो मोजायला नसतोच. लाकूड, हाड, कोळसा, कवच चालतं. चाळीसगावजवळच्या पाटण्यात शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, त्यांचं वय (सुमारे २५,००० वर्षं) म्हणून काढता आलं. धातूवर एक्स-रे फ्लुरोसन्स लावतात, म्हणजे एक्स-रे मारून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखतात. ते मिश्रण सांगतं, वय नाही. आणि तेही फक्त वरच्या थराचं. जमिनीत गंजताना काशातलं (कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण) तांबं निघून जातं, मग यंत्र कथील भलतंच जास्त दाखवतं. त्यात संग्रहालयात कुणी पूर्वी वार्निश फासलं असेल, तर विचारूच नका.