वळूच्या वीर्यातलं जंतुनाशक

खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुठल्याही गोठ्यात सकाळी पहिली नजर गाईच्या शेपटीखाली जाते. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, लोंबत असला की गाय माजावर आली. संध्याकाळी भरवून घ्यायची. सोटालाच कुणी बळस म्हणतं. पण सोट पांढुरका, पुवाचा असला तर जाणती बाई सांगते, "डॉक्टर, आज कांडी नगं. पिशवीत घाण हाय." तिची ही पारख बहुतेक वेळा खरी ठरते. (कांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, आणि पिशवी म्हणजे गर्भाशय.)

माजात गर्भाशयाचं मुख सैल होतं. बाहेर शेण, मूत, चिखल. बीजाला जी वाट, तीच जंतूंनाही. म्हणून सोटात नुसता बुळबुळीतपणा नसतो. त्यात लायसोझाइम असतं, जिवाणूंची भिंत फोडणारं. लॅक्टोफेरिन असतं; ते लोह धरून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं. शिवाय असतात पेप्टाइडं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, तर पेप्टाइड म्हणजे तिचाच आखूड सर. यांतली काही थेट जंतूंना मारतात.

वीर्यातही तीच सोय आहे, आणि ती उलगडली आपल्याच देशात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक पुष्पमित्र भार्गव आणि त्यांचे सहकारी ई. एस. पी. रेड्डी यांनी वळूच्या वीर्यद्रवातून सेमिनलप्लाझ्मिन वेगळं काढलं. १९७९ साली त्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. अवघ्या ४७ अमिनो आम्लांचा हा रेणू ई. कोलाय जिवाणूची वाढ रोखतो. तो जंतूचं रायबोसोमल आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग, बनणं थांबवतो, असं तेव्हा दिसलं. पुढच्या अभ्यासांत तो जंतूच्या पटलावरही, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरही, घाव घालतो हे कळलं. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. हाच रेणू 'कॅल्ट्रिन' या नावानं दुसऱ्या शास्त्रज्ञांना सापडला होता, आणि तिथं त्याचं काम होतं शुक्राणूत कॅल्शियम वेळेआधी शिरू न देणं. जंतूंना मारणारा आणि शुक्राणूंना आवरून धरणारा रेणू एकच!

मग तो शुक्राणूंनाच का मारत नाही? अशा बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो. जिवाणूचं पटल ऋणभारित, म्हणून ती तिकडे ओढली जातात, पटलात घुसतात, भोकं पाडतात आणि आतला जीवनरस बाहेर गळतो. प्राण्यांच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात मुख्यतः भाररहित स्निग्ध रेणू आणि कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे तिथली ओढ कमी. तरी हे अभय बेताचंच. मात्रा वाढली की शुक्राणूही दुखावतात.

कांडीत मात्र चित्र बदलतं. वळूचं काही मिलिलिटर वीर्य पातळ करून त्याच्या शेकडो कांड्या भरतात, एकेक पाव मिलिलिटरची. नैसर्गिक द्रव विरळ होतो आणि भर पडते अंड्यातल्या बलकाची, जो जंतूंनाही पौष्टिक. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जंतूंची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. म्हणून कांडीत अँटिबायोटिक घालावंच लागतं. त्याऐवजी पेप्टाइडं वापरता येतील का, हे डुकरांच्या वीर्यावर तपासलं जात आहे. ते वीर्य न गोठवता १७ अंशांच्या आसपास काही दिवस ठेवतात, त्यामुळे तिथं जंतूंचा त्रास जास्त. अडचण त्याच मात्रेची: जंतू मरावेत आणि बीज तगावं, एवढ्या अरुंद पट्ट्यात नेम धरायचा आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या एका सवयीनं जीव कळवळतो. गाय दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की तपासणी न करताच पिशवीत अँटिबायोटिक सोडलं जातं. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागं उरतात. स्वच्छ सोट टाकणारी गाय उलटत असेल, तर आधी माजाची वेळ चुकली का, खाद्यात खनिजं कमी पडली का, कांडी सोडताना हात आणि बंदूक (कांडी आत सोडायची नळी) स्वच्छ होती का, हे बघावं. आणि कांडी सोडण्याआधी शेपटीखालचा भाग कोरड्या कागदानं पुसून घ्यावा. पाणी ओतलं तर बाहेरची घाण त्याच उघड्या वाटेनं आत जाते.